मधल्या खोलीत एकच काडी

भाड्यानं खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात ते मला तोवर पाठ झालं होतं. लग्न झालंय का, मटणमासे शिजवता का, पाहुणे फार येतात का. कुंभिवलीच्या या घरमालकांनी मला लोखंडी जिन्याखाली उभं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तुझ्याकडं मायक्रोवेव्ह हाय का?"

मी हो म्हटलं.

"जेवतेस किती वाजता?"

"दीडच्या सुमाराला."

"बरं. मंग दीडला आमी नेट वापरनार नाय," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. बाकी त्यांनी मला काही म्हणजे काही विचारलं नाही.

याचा अर्थ मला आठवड्याभरानं कळला. मायक्रोवेव्ह सुरू झाला की वाय-फाय अडखळतं, कारण दोघं हवेतल्या एकाच वाटेनं जातात, हे काकांनी, म्हणजे घरमालकांनी, कुठंतरी वाचलं होतं आणि ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. एखाद्या दिवशी भूक लागली म्हणून मी साडेबारालाच डबा गरम करायला ठेवला, की खालून हाक यायची, "पोरी, भात गरम करतीस का गं?" ही हाक कधी चुकली नाही. कर्जतहून माझी आई रोज फोन करायची, तिलाही माझ्या जेवणाच्या वेळा इतक्या नेमक्या ठाऊक नव्हत्या.

मी तेव्हा एका माल वाहतुकीच्या कंपनीत होते. आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम असायचं आणि काम म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकणं. माझा माल आला नाही, आला तो फुटला, फुटला नाही तो दुसऱ्याचाच आला. दिवसभर अशी बोलणी खाणाऱ्या माणसाला नेट बरं लागतं, नाहीतर एकच शिवी दोनदा ऐकावी लागते. त्यामुळे घरमालक नेटवेडे निघाले याचा मला आनंदच झाला. त्या वेडाला किती पदर आहेत ते अजून कळायचं होतं.

काका खोपोलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक खात्यात होते. निवृत्त झाल्यावर शेत होतंच, पण भाताची शेती माणसाला वर्षभर गुंतवून ठेवत नाही. मुलीनं लग्न करून नाशिकला जाताना घरात राउटर बसवून दिला आणि काकांना तो नातवासारखा मिळाला. सकाळी उठून ते आधी त्याचे दिवे बघत, मग चूळ भरत.

फोनच्या कोपऱ्यात रेंजच्या ज्या चढत्या रेघा दिसतात, त्यांना त्या गल्लीत काड्या म्हणत. काकांचं सगळं जग काड्यांत मोजलेलं होतं. "तीन काड्या म्हंजे सण," ते सांगत, "दोन म्हंजे रोजचं. आन एक म्हंजे पाव्हना, कदी उठून जाईल सांगता येत नाय." घरभर फिरून त्यांनी फरशीवर खडूनं गोल काढले होते आणि प्रत्येक गोलात तिथल्या काड्यांचा आकडा लिहिला होता. काकू फरशी पुसत, काका पुन्हा गोल काढत. शेवटी काकूंनी गोलांच्या कडेकडेनं पुसायला सुरुवात केली. एकदा घरात सत्यनारायण होता. गुरुजी आले, त्यांनी सगळे गोल निरखले आणि भक्तिभावानं विचारलं, "चौरंग यातल्या कुठल्या मंडलावर मांडायचा?" काका मधल्या खोलीतल्या गोलाकडे बोट करून म्हणाले, "त्यो सोडून कुटं पन मांडा. तिथं एकच काडी हाय."

राउटरमधून दोन प्रकारचं नेट निघतं. एक हळू चालतं पण भिंतीतून पार जातं, दुसरं जोरात पळतं पण भिंतीशी थकतं. काकांनी पहिल्याचं नाव म्हातारं ठेवलं होतं आणि दुसऱ्याचं तरणं. नुसतं तोंडी नाही, राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी अक्षरांत तशी नावंच दिली होती. माझ्या ऑफिसचा एक माणूस काही बसवायला आला आणि त्यानं वाय-फायचं नाव विचारलं तेव्हा काका त्याला म्हणाले, "तू वर बसनार ना, मंग तरन्याला नको, म्हाताऱ्याला धर." तो बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

अँटेनाच्या बाबतीत सगळी गल्ली एकच चूक करायची. ज्या खोलीत नेट हवं तिकडे अँटेनाचं टोक रोखायचं, बॅटरीचा उजेड पाडतात तसं. समोरचा टेंपोवाला तर माडीवर मुलगी अभ्यासाला बसली की अँटेनाचं टोक छताकडे करायचा आणि वर रेंज नाही म्हणून बायकोवर चिडायचा. काकांनीही हे वर्षभर केलं होतं. मग कधीतरी त्यांना कळलं की टोकातून जवळजवळ काहीच निघत नाही, जे निघतं ते अँटेनाच्या अंगातून, चारी बाजूंनी. हे कळल्यावर त्यांना ते सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना. पण शब्दांत सांगून कुणाला पटेना. तेव्हा एका रविवारी ते चौक गावाला जाऊन मेदूवडे घेऊन आले. मी कर्जतची, त्यामुळे मी सहज म्हटलं की काका, वडाच आणायचा तर आमच्या कर्जतचा आणायचा. ते गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या वड्याला भोक नाय."

मग ओट्यावर गल्ली जमवून त्यांनी वड्याच्या भोकातून पेन्सिल उभी घातली. "ही काय, अँटेना. आन ह्यो वडा म्हंजे नेट. उभी धरली का वडा आडवा पसरला, सगळ्या खोल्यांत गेला. आता ही आडवी करतो. बघा, वडा उभा ऱ्हायला, माडीवर गेला." टेंपोवाल्यानं विचारलं, "काका, आन दोन्ही पायजेल असंल तं?" काकांनी दुसऱ्या पेन्सिलीवर दुसरा वडा चढवला. "म्हनूनच दोन अँटेना देतात. एक उभी, एक आडवी." त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांच्या अँटेना सुधारल्या. वडे आम्ही पेन्सिलीसकट वाटून खाल्ले, म्हणजे पेन्सिली परत दिल्या.

एवढं सगळं करूनही त्या घरात एक जागा होती जिथं काकांचं काही चालत नव्हतं. राउटर पुढच्या खोलीत, कारण केबलवाल्यानं वायर तिथवरच दिली होती. शेवटी मागची पडवी. आणि दोन्हींच्या मध्ये मधली खोली, जिच्यात भिंतीला लागून पुरुषभर उंचीची पत्र्याची कोठी उभी होती. वर्षभराचे तांदूळ तिच्यात. नेट पुढून निघायचं, कोठीवर आपटायचं आणि पडवीत पोचेपर्यंत त्याचा जीव निम्मा व्हायचा. हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. पण ती कोठी काकांच्या आईनं मांडलेली. नवा भात येईपर्यंत कोठी जागची हलवायची नाही, असं आई सांगून गेली होती. सत्यनारायणाच्या गुरुजींना काड्या शिकवणारा हा माणूस कोठीचा विषय निघाला की छपराकडे बघू लागायचा.

आणि पडवीत बसायच्या काकू.

काकूंचं बी.ए. दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथंच राहिलं. मुलगी नाशिकला गेल्यावर त्यांनी घरी बसून ते पुन्हा सुरू केलं. लेखी पेपर खोपोलीला जाऊन दिले, पास झाल्या. राहिली होती फक्त प्रकल्पाची तोंडी परीक्षा, ती व्हिडिओवर होणार होती. पुढच्या खोलीत बसावं तर हायवेच्या कंटेनरचे हॉर्न. माझ्याकडे या म्हटलं तर त्यांच्या गुडघ्यांना लोखंडी जिना चढवत नव्हता. फोनचं नेट पडवीत येत नव्हतं. तेव्हा पडवी आणि राउटर, दुसरा इलाज नव्हता.

पहिल्या तोंडी परीक्षेच्या दिवशी पडवीत दोन काड्या होत्या. म्हणजे रोजचं. चाललं असतं. मी काहीतरी मागायला म्हणून जिना उतरत होते तेव्हा पुढच्या खिडकीतून मला काका दिसले. हातात फोन, चष्मा कपाळावर, आणि तोंडानं पुटपुटणं, "सहावर गर्दी हाय, अकरावर टाकतो, तिसरी काडी येईल." त्यांनी राउटरचं चॅनल, म्हणजे नेटची हवेतली वाट, बदललं. चॅनल बदललं की जोडलेलं सगळं एकदा तुटतं आणि पुन्हा जोडायला वेळ घेतं, हे त्या उत्साहात ते विसरले. काकू परीक्षकांसमोरून नाहीशा झाल्या. नेट परत येऊन काकूंना पुन्हा आत शिरता येईपर्यंत परीक्षकांनी पुढचं नाव पुकारलं होतं आणि काकूंच्या नावापुढे अनुपस्थित असं लागलं होतं.

काकू बाहेर आल्या तेव्हा रडत नव्हत्या. पदरानं हात पुसत होत्या आणि ते पुसणं थांबतच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. काका म्हणाले, "कुनीतरी काडी केली." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

काकूंनी अर्ज केला, विनवण्या केल्या. विद्यापीठानं तीन आठवड्यांनी एक संधी दिली, आणि तीही गेली तर पुढच्या वर्षी. "पुढच्या वर्षी गं कुटली," काकू मला म्हणाल्या. "आता हाय तं हाय. पुन्हा पुस्तकं उघडायची हिंमत नाय ऱ्हायली माझ्यात."

त्यानंतर काकांनी जे केलं त्याला मी अजूनही हसते, आणि हसताना जरा अपराधीही वाटतं, कारण मला खरं माहीत होतं आणि मी गप्प होते. काडी करणारा शोधायचा म्हणून ते घरोघर फिरले. कुणाचा राउटर कुठल्या चॅनलवर आहे ते बघितलं, तर सगळी गल्ली सहावर. सगळे एकाच वाटेवर एकमेकांचे पाय तुडवत होते. काकांनी ओट्यावर बैठक बोलावली. बांधावरच्या पाण्याच्या पाळ्या ठरवतात तशा चॅनलच्या पाळ्या ठरल्या. डावीकडच्या घरांनी एकवर जायचं, उजवीकडच्यांनी अकरावर, मधल्यांनी सहावर. या तिन्हींच्या मधला कुठलाही आकडा वापरायचा नाही, दोन्हीकडच्यांना त्रास होतो. नंतर नंतर लोक एकमेकांना "आमी एकवाले," "तुमी अकरावाले" असं म्हणायला लागले. टेंपोवाल्याला सहा सोडायचा नव्हता, त्याच्या टेंपोच्या नंबरात सहा होता. त्याची समजूत घालायला काका दोन संध्याकाळी गेले.

गल्लीचं नेट खरोखर सुधारलं. माझ्या तक्रारवाल्यांच्या शिव्या स्वच्छ ऐकू यायला लागल्या. पडवीत मात्र काडी दोनवरून एकवर, एकवरून दोनवर हेलकावे खातच राहिली. बैठकीत टेंपोवाला सहज बोलून गेला, "काका, समद्या गावाचं हलवलं तुमी. घरातली ती कोठी तेवढी हलवा ना." काका उठले आणि घरात गेले. बैठक तशीच मोडली.

परीक्षेला दोन दिवस राहिले होते. दुपारी चारच्या चहाला मी खाली होते. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. काका बराच वेळ कोठीसमोर उभे होते. मग मागं न वळताच म्हणाले, "अगं, त्या दिवशीची काडी मीच केली."

मी चहाचा कप खाली ठेवला. काकूंनी सुपातून एक खडा उचलून बाजूला टाकला.

"ठाव हाय मला."

काका वळले. "कसं?"

"समोरचे सर गोठले, तवा सगळं गप झालं. त्यात तुमचा आवाज आला पुढून. 'झालं अकरा' म्हनालात."

"मंग बोलली का नायस?"

"तुमी गल्लीभर फिरत होतात. लोकांची नेटं सुधारत होती. म्हटलं फिरू दे."

काका पुन्हा कोठीकडे वळले. मग त्यांनी कोठीवर हात ठेवला. "रिकामी करू ही."

"आईंनी सांगितलंय ना," काकू म्हणाल्या. त्यांचा सुपावरचा हात थांबला होता.

"आईनं मला सांगितलं, तुला नाय. मी बोलतो तिच्याशी." आणि ते खरंच बोलले. कोठीच्या झाकणाशी तोंड नेऊन, साहेबाकडे रजा मागतात तशा आवाजात म्हणाले, "आये, चार दिसांचं काम हाय. हिची परीक्षा झाली का जागच्या जागी ठेवतो." आम्ही दोघी दुसरीकडे बघत राहिलो. मला हसू येत नव्हतं.

मग संध्याकाळपर्यंत त्या घरात तांदूळच तांदूळ झाले. पातेली भरली, बादल्या भरल्या, पोती भरली. दोन पोती आणि माझा कपडे भिजवायचा टब माझ्या खोलीत आला. रिकामी कोठी टेंपोवाल्यानं आणि काकांनी उचलून अंगणात नेली. उचलताना काका तिला सांभाळून, सांभाळून म्हणत होते, टेंपोवाल्याला नव्हे. पडवीत तीन काड्या आल्या. काकांनी तिथं तीनचा आकडा लिहिला नाही, नुसते बघत राहिले.

परीक्षेच्या दिवशी पावणेअकराला ते माझ्याकडे वर आले आणि स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. "ह्यो तुझ्याकडं ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस."

त्यांनी तीनदा मागितला. पहिल्यांदा वेळ बघायला, दुसऱ्यांदा मुलीला फोन करायला, तिसऱ्यांदा कारण न सांगता. मी दिला नाही. माझा मायक्रोवेव्ह मी प्लग काढून ठेवला होता, तो मात्र त्यांनी वर येऊन हात लावून तपासला. मग अंगणात जाऊन ते कोठीच्या सावलीत बसले आणि खालच्या मातीवर बोटानं रेघा ओढत राहिले. पडवीच्या बंद दारातून काकूंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता. आधी जरा घाईचा, मग सावकाश, मग एकदा चक्क हसल्याचा.

त्या दार उघडून बाहेर आल्या तेव्हा मी जिन्यावर होते. काका उठून उभे राहिले.

"किती काड्या होत्या?"

"बघितल्या नाय," काकू म्हणाल्या. "बोलत होते मी."

काकांच्या तोंडावर जे आलं ते मला नीट सांगता येणार नाही. या माणसाला घरातल्या फरशीन् फरशीवर किती काड्या येतात ते पाठ होतं. मग त्यांनी विचारलं, "काय बोलत होतीस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या दिवसांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आम्ही सगळे त्या आवाजाची वाट मोकळी करण्यात इतके गुंतलो होतो, की तो काय सांगणार आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"शेतांची नावं," काकू म्हणाल्या. "आपल्या पाच गावांतल्या शेतांना काय काय नावं हायत आन ती का पडली, ते गोळा केलं मी. पहिलंच नाव आपलं घेतलंय. भांडनाची."

"भांडनाची?" काका म्हणाले. "ते माझ्या आज्यानं बांधावरनं भांडन केलं म्हनून."

"नाय हो. आईंनी सांगितलं मला. तुमच्या आज्जीनं भांडन केलं. त्या शेतात उभं ऱ्हाऊन सगळ्या भावकीला ऐकवलं, तवा त्यो तुकडा घरात ऱ्हायला."

"मला नाय कदी सांगितलं आईनं."

"तुमी विचारलं असंल तर ना."

काका पुन्हा कोठीच्या सावलीत बसले आणि शेजारची जागा हातानं झटकली. काकू गुडघ्यावर हात ठेवून तिथं टेकल्या. म्हैसबुडी, उंबराची पट्टी, नवरीचा तुकडा, एकेक नाव निघू लागलं. एका नावावर काका हटून बसले, एकावर काकू.

काकू त्या परीक्षेत पास झाल्या, तोंडीला बरे गुणही मिळाले, आणि कोठी चार दिवसांनी जागच्या जागी गेली. मी त्या घरात आणखी दीड वर्ष राहिले आणि त्या काळात काकांनी मला वाय-फायच्या बाबतीत जेवढं छळलं तेवढं सख्ख्या सासऱ्यानंही छळलं नसतं.

पण परीक्षेच्या त्या दिवशी मी वर कामाला जाऊन बसले, आणि थोड्याच वेळात एक गृहस्थ फुटलेल्या कपाटाबद्दल ओरडत असताना तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले. नेट गेलं होतं. जिन्यात येऊन बघितलं तर पुढच्या खिडकीतून राउटरचा लाल दिवा दिसत होता, हायवेला कुठंतरी केबल तुटली असावी. एरवी अशा वेळी काका मिनिटभरात जिन्याखाली हजर असायचे. मी त्यांना सांगायला म्हणून निघाले आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले. खाली काका विचारत होते, "आन म्हैसबुडीत म्हैस खरंच बुडली होती का गं?" मी पाऊल न वाजवता परत वर आले आणि त्या दिवसाची अर्धी रजा टाकली.